उतरणीचा अर्थ आणि पेशीची पूर्वपीठिका

मृगाच्या पावसाने चंद्रपूर-गडचिरोलीकडील बोड्या भरल्या की बेडकांची अंडी पाण्यावर दिसू लागतात. त्यांतील भ्रूण भिंगातून पाहिल्यास पाठीवरील पट्टिकेच्या कडा उचलल्या जाऊन तिची नळी होताना दिसते. मेंदू व मेरुरज्जू या चेतानलिकेतूनच घडतात. मात्र तिच्यातील एकसारख्या पेशींपैकी प्रेरक चेतापेशी कोणी व्हावे, हा निर्णय भिंगाच्या कक्षेबाहेरचा आहे.

या प्रश्नाचे वर्गात दिले जाणारे उत्तर बहुधा लुइस वोलपर्ट यांच्या 1969 मधील विवेचनावर आधारलेले असते. एका टोकाकडून द्रव्य पाझरते, अंतराबरोबर त्याची संहती उतरत जाते आणि उंबरठ्यांनुसार पेशी आपले स्थान ओळखते. फ्रान्सच्या ध्वजाची ही उपमा सुबोध आहे, आणि तिने केलेले कार्य थोडे नाही. तथापि तिच्यात पेशी केवळ मोजपट्टी वाचणारी ठरते. ‘संकेताने पेशीला आज्ञा दिली’ हे आपल्याकडे रूढ झालेले वाक्य त्याच समजुतीचे अपत्य होय.

मेरुरज्जूचा विचार केला तरी ही समजूत अपुरी पडते. पृष्ठरज्जूकडून येणाऱ्या सॉनिक हेजहॉग प्रथिनाची संहती पोटाकडील बाजूस अधिक असते, हे खरे. परंतु लंडनच्या जेम्स ब्रिस्को यांच्या गटाने 2007 मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील ऊतींवर दाखविले की, संहतीइतकाच संकेताचा कालावधीही निर्णायक असतो. पेशीत प्रथम ऑलिग-2 प्रकट होते. पुरेसा तीव्र संकेत टिकून राहिला तरच पुढे एनकेएक्स-2.2 येते. शिवाय संकेत मिळत राहिला की पेशी स्वतःच त्याला कमी दाद देऊ लागते. मोजपट्टी वाचणारा असे करीत नाही.

याहून मूलगामी आक्षेप मुंबईतून आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे आणि कॅलिफोर्नियातील सहकारी यांनी 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदराच्या मेंदूवरील प्रयोग प्रसिद्ध केले. एलएचएक्स-2 हे जनुक आरंभीच्या मर्यादित काळात नसेल, तर मेंदूच्या बाह्यकाच्या पेशी बाह्यक होतच नाहीत. मध्याकडील पेशी ‘हेम’ हा संकेत देणारा प्रदेश बनतात, बाजूच्या पेशी ‘प्रतिहेम’ बनतात. अशा हेमच्या शेजारी असलेल्या निरोगी पेशींत नवा हिपोकॅम्पस उभा राहतो. जी पेशी संकेत ऐकणारी होती, तीच तो देणारी झाली! स्थानाचे महत्त्व येथेही आहेच. पण त्या स्थानाला कोणता प्रतिसाद द्यावयाचा, हे पेशीच्या आतील जनुकाने आधीच बांधून ठेवलेले असते.

अर्थात हा पुरावा मुख्यतः जनुकाच्या अभावाचा आहे. अभावाने जे बिघडते त्यावरून निरोगी पेशी संहतीचे बारीक भेद कसे ओळखते, याचे अनुमान करणे धाडसाचे ठरेल. तेथे ब्रिस्को यांच्या पद्धतीचे मोजमापच उपयोगी पडते. ध्वजाचे चित्र फळ्यावरून पुसण्याचे कारण नाही. त्यात काळाचा अक्ष तेवढा काढावयास हवा.