‘संपीडन गुणोत्तर’ : एका संज्ञेची चिकित्सा

पारिभाषिक संज्ञेची खरी परीक्षा ती वापरणाऱ्याच्या हाती होते. डीझेल एंजिनाच्या संदर्भात ग्रांथिक मराठीत वापरली जाणारी ‘संपीडन गुणोत्तर’ ही संज्ञा या परीक्षेस कितपत उतरते, हे पाहण्यास पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा योग्य होय. १९६६ साली येथे टेल्कोचा कारखाना स्थापन झाला, तर २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा. येथील कारागीर एंजिनाविषयी बोलतो मराठीत, वाचतो बहुधा इंग्रजीत.

दट्ट्या खालच्या टोकाला असताना सिलिंडरात असलेले आकारमान आणि तो वरच्या टोकाला गेल्यावर उरणारे आकारमान, यांचे हे गुणोत्तर. डीझेल एंजिनात ते साधारणतः १४ ते २२ असते. परंतु ‘संपीडन’ या शब्दाने वाचकाचे मन दाबाकडे वळते. गुणोत्तर १६ असता दाब सोळापट होईल, असे त्यास वाटते. प्रत्यक्षात हवा तापत असल्याने तो चाळीसपटीच्या आसपास जातो.

कारागीर ‘कॉम्प्रेशन गेलं’ म्हणतो, तेव्हा त्याला दाबच अभिप्रेत असतो. रिंगा झिजल्या की दाब गळतो. गुणोत्तर मात्र बदलत नाही. टर्बोचार्जरच्या बाबतीत हा घोटाळा अधिकच वाढतो. आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलेल्या या कल्पनेत बाहेर पडणाऱ्या वायूंवर टर्बाइन फिरते व हवा सिलिंडरात शिरण्यापूर्वीच दाबली जाते. आत येणाऱ्या हवेचा दाब दुप्पट झाल्यास अंतिम दाबही सुमारे दुप्पट होतो. तो धातूस सोसावा म्हणून अभिकल्पक गुणोत्तर कमी ठेवतात. ‘दाब वाढवला, म्हणून संपीडन घटवले’ हे विधान विद्यार्थ्यास विसंगत वाटावे, हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे, संज्ञेचा आहे.

इंग्रजी संज्ञेतही हाच दोष आहे, असा बचाव करता येईल. तथापि जर्मन भाषेतील ‘फेर्डिख्टुंग’ या शब्दाचा अर्थ ‘दाट करणे’ असा आहे, आणि हवेची घनता खरोखरच सोळापट होते. मग मराठीने इंग्रजीच्याच मागे का जावे? मराठी विश्वकोशाने पिस्टनसाठी ‘दट्ट्या’ हा घरगुती शब्द स्वीकारला, तो अर्थास चपखल बसला. त्याच न्यायाने येथे ‘आकारमान-गुणोत्तर’ व ‘संपीडन-दाब’ अशा दोन स्वतंत्र संज्ञा योजणे इष्ट होय. दोन वस्तूंना एकच नाव असेल, तर दुरुस्ती भलत्याच जागी होण्याचा संभव राहतो.