हान्सीची चित्रे : प्रादेशिक अस्मितेचे जतन आणि मर्यादा

प्रस्तावना :
१८७०-७१ च्या युद्धातील पराभवानंतर फ्रान्सला अल्सास प्रांत आणि लॉरेनचा काही भाग जर्मन साम्राज्याच्या स्वाधीन करावा लागला. १८७३ मध्ये अल्सासमधील कोल्मार येथे जन्मलेल्या झां-झाक वाल्त्झ या चित्रकाराचे बालपण व तारुण्य याच राजवटीत गेले. ‘हान्सी’ या टोपणनावाने त्याने काढलेली चित्रे परकीय सत्तेखाली जपलेल्या अस्मितेचे उदाहरण म्हणून गौरविली जातात. हा गौरव सार्थ आहे. तथापि या चित्रांनी काय जपले आणि काय वगळले, हेही तपासणे आवश्यक ठरते.

चित्रांचे स्वरूप :
मुलांसाठी सांगितलेला अल्सासचा इतिहास (१९१२) व ‘माझे गाव’ (१९१३) या हान्सीच्या दोन महत्त्वाच्या सचित्र कृती होत. लाकडी चौकटींची घरे, छपरावरील करकोच्यांची घरटी, डोक्यावर मोठी काळी फीत बांधलेल्या मुली यांतून तो गाव उभा करतो. वस्तुतः ही फीत उत्तर अल्सासच्या काही भागांतील वेशाचा भाग होती. ती साऱ्या प्रांताची खूण ठरली, यात हान्सीच्या चित्रांचा वाटा मोठा आहे. गावकरी तो ममतेने रंगवतो, तर जर्मन प्राध्यापक, शिपाई व प्रवासी यांना व्यंगचित्राचे रूप देतो. बालवाङ्मयाच्या निरागस रूपामुळे उपहास अधिकच बोचरा होतो. सत्तेनेही त्याची दखल घेतली. जुलै १९१४ मध्ये लाइपझिग येथील न्यायालयाने त्याला एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा सुनावली. ती भोगण्यापूर्वीच तो फ्रान्सला निसटला आणि महायुद्ध सुरू होताच फ्रेंच सैन्यात दाखल झाला.

मर्यादा :
हान्सीच्या गावात माणसांचे दोनच वर्ग दिसतात : आपले आणि उपरे. प्रत्यक्षातील अल्सास इतका सरळ नव्हता. तेथील बहुसंख्यांची बोली जर्मन भाषाकुळातील होती आणि जवळपास अर्धशतकाच्या राजवटीत जर्मनीतून आलेली अनेक कुटुंबे तेथे रुजली होती. १९१८ मध्ये प्रांत फ्रान्सकडे परतल्यावर रहिवाशांना वंशानुसार वेगवेगळी ओळखपत्रे देण्यात आली व अनेक जर्मनांना प्रांत सोडावा लागला. या धोरणाचा दोष चित्रकारावर टाकणे अन्यायाचे होईल; परंतु अशा विभागणीस अनुकूल असे भावविश्व त्याच्या चित्रांत आधीच आढळते, हे नाकारता येत नाही. पुढे १९२०च्या दशकात बोलीभाषेच्या व स्वायत्ततेच्या मागण्या पुढे आल्या, तेव्हा त्या मांडणाऱ्या अल्सासवासीयालाही या द्विवर्गी गावात जागा सापडणे कठीण होते. विशेष म्हणजे ‘झां’ या फ्रेंच नावाचे जर्मन रूप ‘हान्स’ असे आहे. चित्रांनी नाकारलेली द्वैभाषिकता चित्रकाराच्या सहीत मात्र टिकून राहिली.

निष्कर्ष :
हान्सीच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९४१ मध्ये फ्रान्समधील आजां येथे नाझी हस्तकांनी केलेल्या हल्ल्यातून तो बचावला आणि त्याने स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घेतला. १९५१ मध्ये कोल्मार येथेच त्याचे निधन झाले. त्याच्या चित्रांनी जित समाजाला स्वतःकडे अभिमानाने पाहण्याचे बळ दिले. मात्र प्रतिकारासाठी रेखाटलेले गाव हेच खरे गाव, असे मानले की स्वकीयांतील वेगळेपणही परके ठरू लागते. म्हणून या चित्रांचे मोल मान्य करतानाच त्यांच्या चौकटीबाहेर राहिलेल्या माणसांची नोंद घेणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.