धारवाडची फूटपट्टी, लोधिवलीची मुले

व्ही. व्ही. कामत यांचे १९४० चे ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ वाचताना खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीच्या आसपासची कातकरी पोरे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. बिनेची कसोटी कामतांनी धारवाडला मराठी-कानडीत उतरवली. काम कष्टाचे, ते मी नाकारत नाही. पण तिच्यातला ‘सरासरी मुलगा’ आला कुठून? १९३१ च्या शिरगणतीत देशाची साक्षरता १० टक्क्यांच्याही आत होती. जो समाज शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेला, तो प्रमाणकांत कितीसा शिरणार? आईबापांमागे वीटभट्टीवर गेलेल्या पोराला तुम्ही महिन्यांची नावे विचारता. ‘उचल’ म्हणजे काय ते विचारा. भट्टीमालकाचा पैसा कसा फिटत नाही, ते बोटांवर मोजून सांगेल. त्याला गुण नाहीत!

खुद्द बिनेने १९०५ साली कसोटी रचली ती कोणाला जादा मदत हवी हे शोधण्यासाठी. पुढे तिच्याच वंशातल्या चाचण्यांनी मुलांवर शिक्के मारले. कॅलिफोर्नियातले काळे पालक कोर्टात गेले, ‘लॅरी पी.’ खटल्यात १९७९ साली बुद्ध्यंकावरून काळ्या मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकण्यास मनाई झाली. आपल्या मानसशास्त्रज्ञांनी गुणांक छापताना नमुन्यात वाडी-वस्तीवरची मुले किती होती, एवढे तरी छापावे.