माणदेशचे आभाळ आणि कादंबरीतले मन

नायिका दुःखात असली म्हणजे बाहेर पाऊस लागावा, नायकाच्या मनात कल्लोळ उठला की खिडक्यांची तावदाने आपटावीत आणि उभयतांचे मीलन झाले की चांदणे पडावे, हा संकेत आपल्या वाचकवर्गाच्या इतका अंगवळणी पडला आहे की भर आषाढात प्रसन्न दिसणारी विरहिणी कोणी रंगविली, तर लेखकाजवळ पंचांग नसावे अशी शंका आपणांस येईल. प्रस्तुत लेखकही गेली पंचवीस-तीस वर्षे वर्गात हाच संकेत मोठ्या उत्साहाने शिकवीत आला. ‘निसर्ग हा भावनांचा आरसा होय’ हे माझे वाक्य कित्येक उत्तरपत्रिकांतून माझ्याकडेच परत आले आणि त्याला मी गुणही दिले. त्या वाक्याविषयी माझ्या मनात किंतु उत्पन्न झाला तो कोणा ग्रंथकाराच्या वचनाने नव्हे, तर आटपाडीकडच्या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ चालली होती. अखेरच्या भागातील दुष्काळाविषयी बोलताना मी म्हणालो की, हा दुष्काळ म्हणजे मास्तरांच्या अंतरीच्या एकाकीपणाचे बाह्य रूप आहे. मागच्या बाकावरचा तो मुलगा उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, “सर, मास्तर एकटे पडले ते दुष्काळ पडला म्हणूनच ना? मग दुष्काळ त्यांच्या मनाचं रूप कसा?” वर्ग हसला, मीही हसलो, उत्तर मात्र मला देता आले नाही. कारण आणि कार्य यांची मी सरळ उलटापालट केली होती.

ही उलटापालट आमच्या पिढीने कोठून उचलली याचा विचार केला, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. जड सृष्टीवर मानवी भाव लादण्याच्या या प्रवृत्तीला रस्किनने ‘मॉडर्न पेंटर्स’च्या तिसऱ्या खंडात, 1856 साली, नाव दिले ते दोष म्हणून. आम्ही आंग्लविद्याविभूषितांनी नाव घेतले आणि दोषाचा गुण करून टाकला! आमच्या संस्कृत साहित्यशास्त्राची भूमिकाही आरशाची नव्हे. तेथे चंद्र, वसंत, मेघ हे उद्दीपन विभाव. म्हणजे मनात असलेली ठिणगी फुंकणारे. आरसा आपल्यापुढे आपलेच तोंड धरतो. फुंकणारा वारा मात्र बाहेरून येतो आणि तो आपल्या आज्ञेत नसतो. कालिदास तर याहून सावध. यक्ष मेघाशी बोलू लागतो त्याच ठिकाणी कवी बजावतो की, कामार्त माणसाला चेतन आणि अचेतन यांतील भेद उमजत नाही. भ्रम यक्षाचा आहे, कालिदासाचा नव्हे. रस्किनला जे सांगावयाचे होते, ते याने एका श्लोकाच्या पोटात घालून ठेवले आहे.

आता आमच्या सातारा-सांगलीच्या भूमीकडे पाहावे. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस शंभरएक किलोमीटरांवर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. सांगली जिल्ह्याचीही तीच तऱ्हा. पश्चिमेला शिराळ्याच्या डोंगरात छपरे गळतात, तेव्हा जत-आटपाडीला माणसे ढगांची दिशा न्याहाळीत बसलेली असतात. अशा मुलखात मृगाच्या सरी पाहून उदास होणारा नायक कोणी आणला, तर तो कोणत्या गावचा, हे आधी सांगावे लागेल. माणदेशात ज्या घरी सुतक आहे त्या घरीही पाऊस आला तर माणसे मनातून सुखावतात. तेथे आभाळ मनाप्रमाणे वागत नाही, मनाला आभाळाप्रमाणे वागावे लागते.

माडगूळकर (1927–2001) या माणदेशचेच. 1949 साली ‘माणदेशी माणसे’ आणि 1955 साली ‘बनगरवाडी’ ही त्यांची पुस्तके आली. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर एकशिक्षकी शाळा चालविण्यास गेलेल्या तरुण मास्तराची ही कथा. मास्तर वाडीवर पोहोचतो तेव्हा वाडी ओस असते. एखाद्या भावुक लेखकाने या ओसाडीत नवख्या तरुणाची हुरहूर ओतली असती. माडगूळकर काय करतात? माणसे कोठे गेली ते सांगतात. ती मेंढरांमागे रानात गेली आहेत. या ओसाडीला कारण आहे आणि ते कारण मेंढरांचे पोट हे आहे. कादंबरीच्या शेवटीही वाडी ओस पडते. कारण तेच, मेंढरांचे पोट. पहिली ओसाडी दिवस मावळेपर्यंतची होती, दुसरीला सांज होत नाही. या दोन रिकामपणांच्या मध्ये सारी कादंबरी उभी आहे. आरंभीचा रिकामपणा केवळ मनःस्थितीसाठी वापरला गेला असता, तर शेवटच्याला हे बळ आलेच नसते.

मधल्या भागात कारभाऱ्याच्या आधाराने शाळा धरते, सगळी वाडी अंगमेहनतीने तालीम बांधते, औंधचे राजेसाहेब येऊन जातात. पुढे कारभारीही जातो आणि पाऊसही जातो. या दोन गोष्टींत लेखक कसलेही गूढ नाते जोडीत नाही, आभाळाला शोक करावयास लावीत नाही. आपला गळा दाटून येतो तो बांधलेली तालीम आणि तीत उतरणारे कोणी उरलेले नाही, या साध्या हकिकतीने. इंग्रजी वाचकास येथे हार्डीच्या एग्डन हीथची आठवण होईल. ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ (1878) मधील ते माळरानही माणसाच्या सुखदुःखाविषयी उदासीन आहे. परंतु ते आपल्या उदासीनतेचे चिंतन करीत बसते. माडगूळकरांचा माळ चिंतन करीत नाही. हार्डीच्या भक्तांनी क्षमा करावी, पण मला माळ असाच हवा.

कादंबरीच्या आरंभी उजाडण्यापूर्वी वाट चालणारा तरुण आणि त्याच्या नव्या नोकरीची उमेद यांची सांगड मात्र जुन्याच संकेतातली आहे, हे मान्य केले पाहिजे. तेवढी सवलत पहिल्या कादंबरीला द्यावी.

याच जिल्ह्याचे दुसरे टोक म्हणजे सांगलीस 1898 साली जन्मलेले खांडेकर. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘पांढरे ढग’ ही नुसती शीर्षके पाहिली तरी आकाश त्यांना कशासाठी लागते ते कळते. पांढरा ढग बरसत नाही, ही शेतकऱ्याची काळजी. खांडेकरांच्या हाती तिचे रूपक होते. त्या रूपकांनी दोन पिढ्यांना उदात्ताची ओढ लावली, हे ऋण लहान नाही. पण त्यांच्या आकाशाखाली कोणाचे पीक वाळत नाही.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे या दोहोंहून निराळे. ‘फकिरा’त (1959) वारणेच्या खोऱ्यातील निसर्ग भरघोस आहे, क्वचित् भडकही आहे, परंतु दुष्काळ येतो तो हुरहूर घेऊन नव्हे, भूक घेऊन. भुकेल्या माणसांसाठी फकिरा धान्य लुटतो. भावनेच्या आधी कृती जन्मते. रस्किनपासून सुरू झालेल्या चर्चेत या प्रकाराला नाव नाही. आपणच ते दिले पाहिजे.

खेदाची गोष्ट ही की, ‘बनगरवाडी’नंतर पुष्कळ ग्रामीण कथाकारांनी माडगूळकरांचा दुष्काळ घेतला आणि संयम टाकला. भेगाळलेली भुई, चोच वासून बसलेला कावळा, कपाळावर हात धरून वर पाहणारा म्हातारा, या गोष्टी इतक्या हुकमी झाल्या की दुष्काळ हेच खेड्याचे चांदणे होऊन बसले. शहरी वाचक तेथे हळहळतो आणि पान उलटतो. दुष्काळात चारा कोठून येतो, मेंढरू कोणत्या भावाने जाते, हे ज्याला सांगता येत नाही त्याने भुईच्या भेगा मोजू नयेत.

आता तर टेंभू योजनेचे कृष्णाजल आटपाडीपर्यंत आले आहे आणि डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. पाणी आले हे फारच चांगले झाले. मात्र ‘बनगरवाडी’चा पुढचा वाचक कोरड्या आभाळाची दहशत न जाणताच ते पुस्तक उघडील, आणि माझे ते जुने वाक्य त्याला खरे वाटण्याचा संभव वाढेल.

यंदा ते पुस्तक पुन्हा शिकवावयास घेतले तेव्हा प्रस्तावना केली नाही. “तुमच्या गावी पाऊस कसा आहे?” एवढेच वर्गाला विचारले. पाटणची मुलगी म्हणाली, “चार दिवस वीज नाही, सर.” जतचा मुलगा म्हणाला, “अजून नाही.” मग पहिले पान उघडले.