लाल म्हणजे नेमका कोणता?

नंदुरबारकडच्या रनाळ्याच्या माणसाला लाल रंग कोणी शिकवावा लागत नाही. दिवाळी उलटली की तिथल्या पथारींवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानांवर, ओली मिरची पसरते. लांबून सगळं एकच लाल. जवळ गेलं की त्या लालाचे भाग पडतात: कालची चकचकीत, आठवड्यापूर्वीची सुरकुतलेली आणि काळपट, मधेच पांढरी पडलेली फटकी.

हीच नजर घेऊन मी चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या सत्तरच्या दशकातल्या लाल-केशरी चित्रांपुढे बसतो. चित्रांपुढे म्हणजे छापील पानापुढे. मूळ कॅनव्हास इथून फार लांब.

त्यातलं एक चित्र उभं, नाव नसलेलं. वरून खाली केशरी उतरत जातं, कुठे तांबूस होतं, कुठे आतून उजेड आल्यासारखं विरळ. मधे काही खुणा. लिपीसारख्या वाटतात, पण वाचायला जावं तर एकाही खुणेचं अक्षर होत नाही. त्या रंगावर ठेवल्यात की रंगाखालून वर आल्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि चित्राची सगळी गंमत त्यातच आहे.

गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले, 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले, पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मंडळींत मिसळले. 1964 साली फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोशी त्यांची तुलना होते. मला ती अर्धीच पटते. रॉथकोचे रंगाचे चौकोन आपल्याला सामोरे येतात, गायतोंड्यांचा रंग मागे सरतो. ‘अमूर्त’ हे लेबलही त्यांना नको होतं. आपलं काम ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. म्हणजे यात मिरची शोधणं हा माझाच आगाऊपणा.

मिरची नाहीच. पण काम करायची रीत ओळखीची आहे. ते रोलरने रंग पसरत, पॅलेट नाइफने खरवडत, कागद दाबून ओला रंग उचलून घेत. पसरायचं, उलथायचं, काढून घ्यायचं, वाट पाहायची. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची. पथारीवरही रोज मिरची हलवली जाते, पण वाळवणारा शेवटी काळच असतो. त्यामुळे चित्रातला लाल मला लावलेला वाटत नाही, उरलेला वाटतो.

छपाईत खरवडीचा पोत गुळगुळीत होतो, हे दुखणं आहेच. तरी एकदा पथारीवर काम केलेल्या एका आजोबांना ते पान दाखवलं. त्यांनी ते खिडकीकडे धरलं, विरळ केशरी डागावर बोट ठेवलं आणि विचारलं, “यावर पानी पडेल शे का?” म्हणजे, यावर पाणी पडलंय का?

बोट बरोबर तिथेच होतं, जिथून रंग उचललेला होता.