स्मिता पाटील यांची अभिनयदृष्टि

गुणी माणसाचा आपल्या प्रांताशीं दूरचा कां होईना संबंध लागला, कीं त्याला आपलें म्हणून घेण्याची हौस सर्वत्र आढळते. खानदेश तिला अपवाद नाहीं. बहिणाबाई आमच्या, बालकवि आमचे; साने गुरुजी कोंकणांतले खरे, पण अमळनेरामुळें तेहि आमचेच. या मालिकेंत जळगांव-धुळ्याकडील मंडळी स्मिता पाटील यांचें नांव आतां निःशंकपणें घेतात. त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे शिरपूरचे, स्वातंत्र्याच्या चळवळींतून पुढें मंत्रिमंडळापर्यंत गेलेले गृहस्थ. स्मिताबाईंचा जन्म मात्र १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यास झाला. १३ डिसेंबर १९८६ रोजीं त्या वारल्या, तेव्हां एकतीस वर्षें पुरीं होऊन दोन महिनेहि लोटले नव्हते.

या अभिमानाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती इतकीच कीं, त्याचा विषय बहुधा त्यांचें छायाचित्र, त्यांचीं पारितोषिकें आणि त्यांचा अकालीं मृत्यु हाच असतो. त्यांचे चित्रपट क्वचित् असतात. ‘उंबरठा’ पाहिलेले गृहस्थ आम्हांस पुष्कळ भेटतात, ‘तरंग’ पाहिलेला विरळा. वास्तविक स्मिताबाईंच्या कलेचा कस जर कोठें लागला असेल, तर तो या आडवाटेच्या, चार चित्रपटमंडळांच्या बाहेर फारसा न गेलेल्या चित्रपटांतच लागला.

आरंभहि तेथूनच झाला. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगणाऱ्या या मुलीला अरुण खोपकर यांनीं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील आपल्या पदविकेच्या चित्रपटांत घेतलें. १९७४ सालच्या या छोट्या चित्रपटाचें नांव ‘तीव्र मध्यम’. बातम्या वाचणाऱ्याला एक शिस्त आपोआप लागते: मजकूर कितीहि भयंकर असो, त्यावर आपलें मत चेहऱ्यानें लादावयाचें नाहीं. ही शिस्त स्मिताबाईंनीं पुढें नाटकी अभिनयाच्या मोहापायीं सोडली नाहीं, असें आम्हांस वाटतें. त्या रडतात, पण प्रेक्षकानें रडावें म्हणून रडत नाहींत. हा भेद लहान दिसतो. आमच्या बोलपटांच्या परंपरेंत तो फार मोठा आहे.

श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटांत या भेदाचा पुरता प्रत्यय येतो. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. यांतील उषा ही स्वतःच नटी. म्हणजे स्मिताबाईंना दोन प्रकारचा अभिनय करावयाचा होता. स्टुडिओंतील दृश्यांत जुन्या बोलपटांतला ठसठशीत, डोळे फिरवणारा अभिनय. घरच्या दृश्यांत त्याच बाईचें अनावर, कित्येकदां अप्रिय वाटणारें वागणें. दुसरी एखादी नटी पहिल्या प्रकाराची टर उडवून दुसऱ्याला सच्चेपणाचें प्रशस्तिपत्र देती. स्मिताबाई तसें करीत नाहींत. स्टुडिओंतली उषा त्यांनीं मनापासून रंगविली आहे, जणूं त्या बाईला तेवढ्यापुरता मोकळा श्वास तेथेंच मिळत होता. नवरा, मित्र, जमीनदार अशीं घरें बदलीत ती शेवटीं हॉटेलच्या खोलींत एकटी उरते. तरी कोणाहि पुरुषाला खलपुरुष करून आपली सुटका करून घेण्याचा मार्ग या नटीनें स्वीकारलेला नाहीं. त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकवीस-बावीस होतें. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळालें; दुसरें पुढें ‘चक्र’बद्दल मिळालें.

या नव्या चित्रपटांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो, आणि तो हंसून टाळण्याजोगा नाहीं. शहरांत वाढलेली, शिकलेली मुलगी काळ्यासांवळ्या रंगाच्या बळावर दलित, आदिवासी, झोपडपट्टींतल्या स्त्रिया रंगविते. आणि तिकिट काढून हें दारिद्र्य पाहणारेहि आपल्यासारखेच पांढरपेशे. मग दुःख कोणाचें आणि समाधान कोणाचें? या प्रश्नाला समीक्षकांनीं दिलेल्या उत्तरांपेक्षां मृणाल सेन यांच्या ‘अकालेर संधाने’ (१९८०) या बंगाली चित्रपटांत मिळणारें उत्तर आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठीं एक मंडळी खेड्यांत जाऊन राहते. त्या मंडळींतल्या नटीचें नांव स्मिताच, आणि ती स्मिताबाईंनींच केली आहे. मंडळी फावल्या वेळीं दुष्काळांचीं जुनीं छायाचित्रें हातीं घेऊन ‘हा कोणत्या सालचा?’ असा खेळ खेळतात. पुढें चित्रणाच्या वेळीं बघ्यांत उभी असलेली दुर्गा नांवाची गरीब बाई एकाएकीं किंचाळते. नटी जें खोटें करीत आहे तें तिच्या घरीं खरें चाललेलें आहे. येथें स्मिताबाईंना उत्कट अभिनय करण्याची भरपूर संधि होती. त्या तसें कांहीं करीत नाहींत. आपला धंदा काय आहे हें प्रथमच कळलेल्या माणसाप्रमाणें त्या ओशाळतात. आक्षेप असा अंगावर घेण्यास धैर्य लागतें.

या ओशाळण्यानंतरच्या ‘सद्‌गति’त (१९८१) त्यांची झुरिया पाहावी. प्रेमचंदांच्या कथेवरून सत्यजित राय यांनीं दूरदर्शनसाठीं केलेला हा छोटा चित्रपट. नवऱ्याचें प्रेत ब्राह्मणाच्या दारीं पडलेलें असतां ती पावसांत आक्रोश करिते. त्या आक्रोशांत शोभा नाहीं. एवढेंच म्हणून पुरे.

मराठींत त्यांचीं दोन कामें मोठीं. ‘उंबरठा’ (१९८२) लोकप्रिय आहे, व सुलभा महाजनच्या भूमिकेचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. पण तेंदुलकरांच्या पटकथेनें सुलभेच्या भोंवतालचीं माणसें थोडीं लहानच करून ठेविलीं आहेत, त्यामुळें तिला स्वतःविषयीं शंका घेण्याचें कारण फारसें उरत नाहीं. आमच्या मतें ‘जैत रे जैत’ (१९७७) यापेक्षां सरस आहे. ठाकरांच्या या कथेंतली चिंधी बोलण्यापेक्षां चालते, चढते, गाते. गीतें ना. धों. महानोरांचीं, अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या पळसखेडचे हे कवि जळगांवास शिकलेले. खानदेशानें हक्क सांगावयाचाच तर येथें सांगावा!

आणि ‘तरंग’ (१९८४). कुमार शहानी यांचा हा जवळजवळ तीन तासांचा चित्रपट सोपा नाहीं, व त्याची गति मुद्दाम मंद आहे. यांतील जानकी ही एका कामगाराची विधवा. गिरणीमालकाच्या घरांत ती शिरते आणि त्या घराचा तोल ढळतो. शहानी नटांना भावना दाखवूं देत नाहींत. वाक्यें समतल स्वरांत, जवळजवळ पाठ म्हटल्यासारखीं उच्चारलीं जातात. अशा ठिकाणीं बहुतेक नटांचा चेहरा रिकामा पडतो. स्मिताबाईंचा पडत नाहीं, कारण ऐकणें हीहि एक कृति आहे हें त्यांना ठाऊक आहे. शेवटीं पुलावरील दृश्यांत दामोदर धर्मानंद कोसंबींनीं ज्या उर्वशी-पुरूरव्याच्या कथेचा उलगडा केला, तिची छाया पडते, आणि झोपडींतून आलेली ही बाई एकदम वैदिक काळाइतकी जुनी वाटूं लागते. हें दृश्य त्यांच्या सर्व कारकीर्दींतलें सर्वांत धाडसी होय.

त्यांनीं स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला नाहीं. परंतु खोपकर, बेनेगल, सेन, राय, शहानी, केतन मेहता, मल्याळींत अरविंदन्, अशी निवड करणें हेंहि एक प्रकारचें कर्तृत्वच मानावें लागेल. ‘उंबरठा’च्याच वर्षीं ‘नमक हलाल’ निघाला, याचें अनेकांस दुःख होतें. आम्हांस होत नाहीं. आडवाटेच्या चित्रपटांवर घर चालत नाहीं, आणि त्या बाजारांत त्यांनीं केलेलें काम विसरलें गेलें तरी हानि नाहीं.

त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ सालीं, ‘मिर्च मसाला’ प्रदर्शित झाला. नंदुरबारच्या बाजारांतले मिरच्यांचे ढीग पाहिलेल्या वाचकाला त्या कारखान्याचा ठसका निराळा सांगावयास नको. सुभेदारापुढें न नमणारी सोनबाई शेवटीं विळा घेऊन उभी राहते. तें चित्र भिंतीवर लावण्याजोगें आहे व लोकांनीं तें लावलेंहि. पण त्याच चित्रपटांत त्यापूर्वीं, कारखान्याचें दार बंद झाल्यावर, सोनबाई इतर बायकांकडे पाहत नुसती बसलेली आहे. दिग्दर्शकानें तिला बोलावयास कांहींच दिलेलें नाहीं, आणि तरी दृष्टि तिच्यावरून हलत नाहीं.