अभय कोणास? — ‘रानमित्र’च्या निमित्ताने

मराठीत वन्य प्राण्यांविषयीचे लेखन बहुधा दोन वाटांनी आले. एक शिकाऱ्याची, दुसरी वनाधिकाऱ्याची. मारुती चितमपल्ली यांनी दुसरी वाट किती संपन्न केली हे वाचकांस सांगावयास नको. डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ या दोहोंपैकी कोणत्याही वाटेने जात नाही. येथे लेखक प्राण्यांच्या शोधार्थ रानात हिंडत नाही. प्राणीच त्याच्या दारी येतात, आणि तेही बहुधा पोरके होऊन. हा भेद ध्यानात न घेता या पुस्तकाचे मोल ठरविणे अन्यायाचे होईल.

स्थळ हेमलकसा, भामरागड तालुका. 1982 साली चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा हा अगदी टोकाचा मुलूख. बाबा आमटे यांनी 1973 च्या डिसेंबरात तेथे लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले ते माडिया गोंडांच्या औषधपाण्यासाठी. प्राणी हा त्यांचा मूळ विषय नव्हताच. एकदा शिकार घेऊन परतणाऱ्या माडियांजवळ, मेलेल्या माकडिणीस बिलगलेले तिचे जिवंत पिल्लू त्यांच्या दृष्टीस पडले. ते त्यांनी मागून घेतले. हीच ‘बबली’. तिच्यामागून बिबटे, अस्वले, तरस, मगरी, साप असा मोठाच परिवार जमला आणि दवाखान्याच्या शेजारी प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले.

या गोष्टी आमटे सांगतात त्या साध्या, बोलक्या भाषेत. अलंकारांचा सोस नाही आणि धाडसाची प्रौढीही नाही. त्यांचे सहकारी विलास मनोहर यांनी ‘नेगल’मध्ये याच अंगणातील बिबट्याची कथा लिहिली आहे. ती पुस्तके पाठोपाठ वाचावी, म्हणजे एकाच घराच्या दोन खिडक्यांतून पाहिल्याचा आनंद मिळतो.

परंतु केवळ लोभस कथा म्हणून ‘रानमित्र’ वाचणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा 1972 सालचा. हेमलकशाचा प्रकल्प त्याच्या पुढच्याच वर्षीचा. कायद्याने शिकार हा अपराध ठरविला. माडिया मात्र हौसेसाठी शिकार करीत नव्हता, पोटासाठी करीत होता. डॉक्टरांनी त्यास अपराधी मानले नाही. पिल्लू मारून खाऊ नये, आम्हांस आणून द्यावे, मोबदल्यात धान्य न्यावे, असा सौदा त्यांनी केला. या सौद्यात उपदेश नाही, आणि उपाशी माणसाची ओळख आहे. आमच्या मते पुस्तकाचे सारे सत्त्व येथे आहे. सुखवस्तू घरात बसून भूतदयेवर व्याख्यान देणे सोपे. ज्याच्या तोंडचा घास आपण काढून घेतो, त्याच्या हाती दुसरा घास ठेवणे हे कठीण.

आता आक्षेपाकडे वळू. धान्य देऊन पिल्लू घेणे म्हणजे पिल्लास किंमत लावणे. त्या किंमतीपायी एखादी आई अधिक मारली जाईल काय, अशी शंका कोणाही विचारी वाचकास येईल. दुसरी शंका याहून मोठी. माणसाच्या हातून दूध प्यालेला बिबट्या मोठा झाल्यावर रानात कसा जाईल? त्यास शिकार शिकविणारी आई नाही आणि माणसाचे भयही उरलेले नाही. म्हणून या दयेचा शेवट बव्हंशी पिंजऱ्यात होतो. बिबट्याशी खेळणाऱ्या डॉक्टरांचे चित्र मोहक आहे; त्यामागचा पिंजरा तितक्याच आस्थेने दाखविला जावयास हवा होता. या प्रश्नांस कथांच्या बरोबरीने जागा मिळती, तर पुस्तकाची योग्यता वाढली असती.

अनाथालय म्हणजे अभयारण्य नव्हे. अभयारण्य पाहावयाचे तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जावे. तेथे ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, 1986 साली अंधारीचे अभयारण्य झाले, आणि 1995 साली दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघास तेथे त्याचे रान लाभले. परंतु आतील काही गावांस आपली भूमी सोडावी लागली, आणि मोहफुले वा तेंदूपाने वेचावयास गेलेली माणसे आसपासच्या रानांत वाघांस बळी पडतात. अभय कोणास, हा प्रश्न तेथे अजून सुटलेला नाही. हेमलकशाने तो सोडविला असे आम्ही म्हणत नाही. मात्र तेथे माडियाच्या जखमेवर मलमपट्टी करणारा हात आणि अस्वलाच्या पिल्लास दूध पाजणारा हात एकच होता. एकाची दया दुसऱ्याच्या मुळावर आली नाही.

‘रानमित्र’ घरातील मुलांच्या हाती अवश्य द्यावे. ती बबलीवर लुब्ध होतीलच. वडील मंडळींनी मात्र त्या माडियाकडेही पाहावे. त्या दिवशी माकडिणीबरोबर पिल्लूही खाऊन टाकणे त्यास सहज शक्य होते. त्याने ते दुसऱ्याच्या हाती दिले, हेही या पुस्तकातील लहान दान नव्हे.